गाडीचं किलोमीटरचं मीटर मागे करायचं मशीन विकणं कायदेशीर आहे का?

सातारी_गाडीवाला:
तीन महिन्यांपूर्वी एका डीलरकडून २०१७ ची डिझेल गाडी घेतली, मीटरवर ६१ हजार होते. परवा एअर फिल्टर बघायला बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या बाजूला ऑइल चेंजचं जुनं स्टिकर, अर्धं फाटलेलं, पण पुढची सर्व्हिस १,४०,००० ला असं पेनानं लिहिलेलं नीट वाचता येतंय. पोटात गोळाच आला. बाबांच्या पीएफचे पैसे घातलेत यात. मेकॅनिक म्हणाला ओबीडीला, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर तपासायच्या सॉकेटला, लावायचं मशीन येतं, दहा मिनिटांत आकडा खाली. मग असलं मशीन विकूच कसं देतात? आणि मी आता काय करू?

कोर्टाची_पायरी:
आपल्याकडे मीटरसाठी असा वेगळा कायदा नाही, त्यामुळे मशीन विकणारा सुटतो आणि धरायचं ते फसवणुकीत. आकडा पाडून गाडी खरी म्हणून विकली की भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, आधी ४२० होतं तेच, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण पैसे परत हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. दोन वर्षांची मुदत असते आणि गाडी ५ लाखांच्या आत असेल तर फी पण नाही. डीलरकडून घेतलीस हे बरं झालं, घरगुती मालकाकडून घेतली असती तर ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होता. स्टिकर काढू नकोस हां, जागेवरच फोटो काढ, एका फोटोत नंबर प्लेट पण येऊ दे.

जुनं_गॅरेज:
२२ वर्षं गॅरेज चालवतोय म्हणून सांगतो, मशीनचा खरा उपयोग पण आहे. मीटर जळला, पाण्यात गेला, भंगारातून दुसरा आणून बसवला तर त्यावर त्या दुसऱ्या गाडीचा आकडा असतो, तो आपल्या गाडीचा करावाच लागतो. आम्ही बिलावर जुना नवा दोन्ही आकडे लिहून देतो. बिल नसेल तर समजून जायचं. आणि बऱ्याच गाड्यांत आकडा मीटरशिवाय दुसऱ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे गाडीतल्या दुसऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, पण राहतो, चांगला स्कॅनर लावला की फरक दिसतो, तो प्रिंट घेऊन ठेव. क्लचच्या पेडलचं रबर बघ, ६१ हजाराला गुळगुळीत होत नाही.

श्टुटगार्टहून_मंदार:
इथे जर्मनीत २००५ पासून हा थेट गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. आकडा बदलणं तर आहेच, पण त्यासाठीचं सॉफ्टवेअर बनवणं, विकायला ठेवणं हे पण त्याच कलमात येतं. तुम्ही विचारताय ते इथे लिहूनच ठेवलंय. आपल्याकडे पण हेच व्हायला पाहिजे, गाडी घेणाऱ्याच्या गळ्यात सगळं पडतं हे बरोबर नाही.

सातारी_गाडीवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन जुनी हिस्टरी काढली, २०२२ ला १,१८,००० ची नोंद आहे. पेडलचं रबर पण पार घासलंय, आधी लक्षच गेलं नव्हतं. बाबांना अजून सांगितलं नाही. सोमवारी डीलरला रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस पाठवतोय, उत्तर आलं की इथे टाकतो.