पगार सेम, मग तो घरमालक आणि मी हप्तेवाला कसा?

अंबडचा_फिटर:
मंडळी, एक गोष्ट चार दिवस डोक्यातून जात नाहीये. मी आणि माझा एक दोस्त २००४ ला नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एकाच कंपनीत एकाच आठवड्यात लागलो. आजही पगारात हजार-दीड हजाराचा फरक असेल, तोही माझाच जास्त, कारण नाईट मी जास्त मारतो. पण त्याच्या वडलांचे पाथर्डी फाट्याला वीस गुंठे होते, ते बिल्डरला दिले आणि बदल्यात चार फ्लॅट आणि एक रोडटच गाळा मिळाला. आमचं येवल्याकडचं जिरायत, तेही तीन भावांत. चौदा वर्षं भाडं भरलं, मग २०१८ ला ३० लाखाचं होम लोन घेतलं, २० वर्षांचं. साडेआठ टक्के धरले तर हप्ता २६ हजार, म्हणजे शेवटी बँकेला ६२ लाखाच्या वर जाणार. परवा कँटीनमध्ये तो मला म्हणतो, "तुझं बचतीकडे लक्षच नाही." मी काही बोललो नाही, चहा संपवला. पण खरंच हा बचतीचा प्रश्न आहे का?

गोदाकाठ:
नाही भाऊ, बचतीचा नाहीच. तुझा पगार तू कामावर गेलास तर येतो, त्याचे गुंठे तो झोपला तरी वाढत होते. पिकेटी नावाचा फ्रेंच अर्थतज्ज्ञ हेच सांगतो, भांडवलावरचा परतावा अर्थव्यवस्थेच्या वाढीपेक्षा जास्त राहिला की ज्याच्याकडे आधीपासून आहे तो पुढे पळतच राहतो. २०२४ मध्ये त्याच्या टीमने भारताचा हिशोब काढला होता. २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा, पण संपत्तीतला ४०.१ टक्के. संपत्तीतला वाटा उत्पन्नातल्या वाट्याच्या पावणेदोन पट, तुझी न् तुझ्या दोस्ताची गोष्ट हीच तर आहे. आणि वारसाहक्काने मिळालेल्यावर आपल्याकडे टॅक्स नाही, वारशावरची इस्टेट ड्युटी १९८५ ला गेली, संपत्तीवरचा वेल्थ टॅक्स २०१५ च्या बजेटमध्ये रद्द केला. वसुली कमी आणि खर्च जास्त असं कारण होतं, ते खोटंही नाही म्हणा.

द्राक्षवाला_निफाड:
जमीन म्हणजे श्रीमंती हे शहरातल्या लोकांचं गणित आहे राव. माझी दोन एकर बाग आहे, कागदावर मी कोट्यधीश, पण ऐन काढणीला पाऊस आला की मणी तडकतात आणि व्यापारी माल नेऊन पैसे बुडवतो ते वेगळंच. फाट्याची जमीन आणि निफाडची जमीन एकाच तराजूत नका घालू.
पण एक कबूल करतो. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून मला गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज मिळतं, तीन लाखापर्यंत वेळेत भरलं तर शून्य टक्क्याने. माझ्या शेजारचा खंडाने करतो, मेहनत माझ्यापेक्षा जास्त, पण सातबारा दुसऱ्याचा. त्याला सोसायटी दारात उभं करत नाही. तो औषध-खत उधारीवर उचलतो आणि दुकानदार दोन टक्के महिना लावतो, म्हणजे वर्षाचे चोवीस झाले. बांध एकच, पाऊस एकच.

सिडकोची_ताई:
चोवीस टक्के वाचून हसूच आलं, आमच्या गल्लीत तोच रेट चालतो. मायक्रोफायनान्सचे, म्हणजे बायकांच्या गटाला बिनतारण छोटं कर्ज देणाऱ्या कंपनीचे, ५० हजार, दोन वर्षं, हप्ता २,६४४, एकूण ६३ हजाराच्या वर. फिटरदादांना साडेआठने मिळालं कारण फ्लॅट गहाण आहे. ज्या बाईकडे फ्लॅट नाही, मोडायला सोनं नाही, तिला महाग, आणि ती घेते कशासाठी तर पोराच्या डेंग्यूच्या बिलासाठी, त्यातून उद्या काही उभं राहणार नाही. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा, मग तोंड चुकवणं, भांडणं, दुसऱ्या कंपनीकडून घेऊन पहिलीचं फेडणं. मी स्वतः दोन वर्षं गटप्रमुख होते, परत नाही होणार.

कॉलेजरोडवरून:
लॉकडाऊन आठवा. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २६ हजाराच्या खाली बंद झाला, मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने रेपो रेट (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ टक्क्यांवर आणला आणि जानेवारी २०२१ ला सेन्सेक्स ५० हजार पार. त्याच काळात माझा पगार कापला होता म्हणून मी एसआयपी (म्युच्युअल फंडातला महिन्याचा हप्ता) बंद केली. ज्याच्या हातात पैसे होते त्याने पडलेल्या भावात उचलले. कर्ज स्वस्त झाल्याचा फायदा ज्याला कर्ज मिळतं त्यालाच ना.
आणि फिटरभाऊ, तुमचा दोस्त फ्लॅट विकणारच नाही बघा. एक तारण ठेवून कर्ज काढायचं, त्यातून दुसरा घ्यायचा, थोडा हप्ता भाडेकरू भरतो. विकला तर भांडवली नफ्यावर कर, कर्ज काढलं तर कर नाही, कारण कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. सगळं कायदेशीर आहे.

सिडकोची_ताई:
एक विचारू का दादा, त्या वीस गुंठ्यांत त्याच्या बहिणींचा हिस्सा नव्हता का? २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे.

अंबडचा_फिटर:
ताई, आज जेवताना विचारलं त्याला. दोन बहिणी आहेत, दोघींनी हक्कसोड करून दिलं, म्हणे माहेर तुटायला नको. साड्या घेतल्या त्यांना पैठणी, येवल्याहून मीच आणून दिल्या होत्या तेव्हा, कशासाठी ते माहीत नव्हतं. धाकटी पंचवटीत भाड्याने राहते.