निरगुडीच्या प्रबंधासाठी ३० रॅट: खरंच लागतात का?

प्रश्न: एम.फार्म. विद्यार्थिनी, नागपूर

फार्माकॉलॉजीचा प्रबंध आहे. निरगुडीच्या पानांचा अर्क सूज उतरवतो का, हे रॅटच्या पंजात कॅराजिनन (सूज आणणारा पदार्थ) टोचून बघायचं आहे. आराखड्यात पाच गट आहेत (नियंत्रण, इंडोमेथॅसिन हे सूज उतरवणारं नेहमीचं औषध आणि अर्काच्या तीन मात्रा), प्रत्येकी ६, म्हणजे विस्टार जातीचे ३० रॅट. त्याआधी एलडी५० (निम्मे प्राणी मरतात ती मात्रा) काढायचं आणि मे महिन्यात सुरुवात करायची, असं चाललंय. निरगुडीवर आधीच इतकं काम झालेलं असताना एवढे जीव घ्यायचे, हे मनाला पटत नाही. ‘सगळे ६ घेतात’ हे उत्तर आयएईसीसमोर (प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या संस्थेच्या समितीसमोर) चालेल का? हे काम काचेच्या नळीतच भागणार नाही का? आणि शेवटी त्या रॅटचं काय करायचं?

उत्तर १: फार्माकॉलॉजीचे प्राध्यापक

एलडी५० आराखड्यातून आधी काढून टाका. निम्मे प्राणी मरेपर्यंत मात्रा वाढवत नेणारी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४०१ क्रमांकाची पद्धत २००२ मध्येच रद्द झाली. आता ४२३ वापरतात: ३ माद्यांना किलोमागे २००० मिलिग्रॅम द्यायचं, १४ दिवस बघायचं, ठीक राहिल्या तर आणखी ३. सहा प्राण्यांत काम होतं, आणि निम्मे मरेपर्यंत मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. याच झाडाच्या याच प्रकारच्या अर्काचा असा अभ्यास छापून आलेला असेल, तर त्याचा दाखला द्या आणि ते सहाही वाचवा.

आता ३०चा हिशोब. एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करा. उत्तर १० ते २० मध्ये असावं. ३० वजा ५ म्हणजे २५, म्हणजे पाच रॅट जादा. प्रत्येकी ५ घेतले तर २५ वजा ५, बरोबर २०. किंवा एक मात्रा गाळून चार गट, प्रत्येकी ६ ठेवा, तेव्हाही २०च येतात. हा ढोबळ हिशोब आहे. आधीच्या एखाद्या प्रकाशित कामातून सुजेचं प्रमाण विचलन मिळत असेल, तर ८० टक्के पॉवर (खरा फरक असला तर तो सापडण्याची शक्यता) धरून संख्या काढा, समितीला ते जास्त पटतं. पण दया म्हणून प्रत्येकी ३ घेऊ नका. एक दगावला की निष्कर्षच निघत नाही, आणि मग सगळेच वाया जातात. माझ्या मते अनैतिक प्रयोग हाच.

संख्या कमी ठेवायची असेल तर मोजमाप घट्ट हवं. सूज मोजायला पाण्यात पंजा बुडवताना घोट्याच्या सांध्यावर न पुसणाऱ्या मार्करने रेघ ओढा आणि दर वेळी तिथपर्यंतच बुडवा. रेघ दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी आकडे फाकतात, मग लोक प्राणी वाढवून ते झाकतात. १ टक्का कॅराजिनन सलाइनमध्ये ताजं करा, नीट फुगू द्या (गुठळ्या राहिल्या की सुई अडते), ०.१ मिलिलिटर तळव्यात. गट चिठ्ठ्या टाकून पाडा. मोजणाऱ्याला कोणता रॅट कोणत्या गटातला, हे कळता कामा नये.

उत्तर २: पशुवैद्यक

मे महिन्याला माझा ठाम विरोध आहे. ॲनिमल हाऊसचं तापमान २२ अंश, तीन खालीवर, आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के हवी. नवतप्यात कूलरवर हे जमत नाही. दुपारी खोली तापते, रात्री ओल वाढते, पावसाळा लागला की कूलर निरुपयोगी. रॅटला घाम येत नाही, तो शेपटीतून उष्णता टाकतो. उष्म्याने खाणं घटतं, वजन उतरतं, आणि सुजेचे आकडे अर्कामुळे बदलले की उन्हामुळे, हे कुणालाच सांगता येत नाही. जनरेटरवरचा एसी नसेल तर काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. कमाल-किमान तापमापी पिंजऱ्यांच्या उंचीवर टांगा, सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवा.

तोंडावाटे मात्रा देताना सर्वांत जास्त प्राणी फुकट जातात. गोलटोकी सुईच वापरा, नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मापून तिच्यावर खूण करा. अडली तर ढकलायचं नाही, बाहेर काढून पुन्हा. नाकातून फेस आला की द्रव श्वासनलिकेत गेला. असा प्राणी मेला तर शवविच्छेदन करून फुप्फुसं बघा, आणि ‘अर्काने मृत्यू’ असं चुकूनही लिहू नका. मात्रेचा द्रव किलोमागे १० मिलिलिटरच्या आत ठेवा. किलोमागे २०० मिलिग्रॅमची मात्रा आणि १८० ग्रॅमचा रॅट असेल तर ३६ मिलिग्रॅम, दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमचं द्रावण केलंत तर १.८ मिलिलिटर.

हात बसवायला जिवंत रॅट घेऊ नका. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम १७ सांगतं की निव्वळ हस्तकौशल्य मिळवण्यासाठी शक्यतो प्रयोग होऊ नयेत. मॉडेलवर किंवा दुसऱ्या मंजूर कामातल्या मृत रॅटवर सराव करा.

उत्तर ३: आयएईसीवर काम केलेल्या सदस्य

‘सगळे ६ घेतात’ हे उत्तर चालू नये. फॉर्म बी मध्ये (समितीकडे करायच्या अर्जात) संख्या का आणि पर्याय का नाही, हे दोन रकाने लोक एकेका ओळीत उरकतात, आणि आमचा सगळा वाद तिथेच होतो.

काचेच्या नळीचं म्हणाल, तर अल्ब्युमिन (एक प्रथिन) गोठवण्याच्या चाचणीवर विसंबू नका. अर्काचा रंग आणि सामू यांनीच तिचे आकडे हलतात. आरएडब्ल्यू २६४.७ या उंदराच्या रोगप्रतिकारक पेशींना एलपीएसने (जिवाणूंच्या आवरणातल्या घटकाने) चेतवून नायट्रिक ऑक्साइड आणि टीएनएफ-अल्फा ही सुजेशी निगडित रसायनं मोजा. अर्क तिथे काहीच करत नसेल तर प्राण्यांपर्यंत जायचं कारण उरत नाही. करत असेल, तर तो पोटातून शोषला जातो का, यकृतात टिकतो का, हे पेशी सांगत नाहीत, तेवढ्यापुरताच रॅटचा आग्रह धरता येतो. औषधांच्या नियमांत २०२३च्या दुरुस्तीने पेशी, ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेले इवले अवयव) आणि संगणकी पद्धतींना जागा मिळाली, हे चांगलंच झालं. पण त्याने प्रत्येक प्रश्न सुटतो असं नाही.

तुमचा अवघड भाग वेगळाच आहे. कॅराजिननने पंजा दुखतो, आणि वेदनाशामक दिलं तर सूजच मोजता येत नाही. हे लपवू नका. स्पष्ट लिहा: वेदनाशामक का देत नाही, त्रास किती तास चालेल (५ ते ६ तासांत शेवटचं मोजमाप), आणि रॅट पाय टेकेनासा झाला, अंग चोरून बसला तर प्रयोग कोण थांबवेल. निरगुडी सूज उतरवते एवढंच पुन्हा दाखवायचं असेल, तर मी संमती देणार नाही. तुमच्या अर्कात नवं काय, हे आधी सांगा.

मंजुरी आधी, खरेदी नंतर. रॅट नोंदणीकृत पैदासकाराकडूनच, आणि आणल्यावर निदान आठवडाभर स्थिरावू द्या. मागाहून मंजुरी मिळत नाही.

प्रश्नकर्ती

चार गट, प्रत्येकी ६ करते, पेशींचं काम आधी घेते. वाचलेले रॅट बाहेर सोडता येतील का?

उत्तर: पशुवैद्यक

नाही. पिंजऱ्यात वाढलेल्या रॅटला बाहेर जगणं कठीण जाईल. यकृत-मूत्रपिंड बघायचं नसेल तर मारणं भागच आहे असं नाही. समितीच्या परवानगीने त्यांना सांभाळायची सोय होऊ शकते, तिचा खर्च अंदाजपत्रकात आत्ताच धरा. मारायचंच असेल तर ईथर नको, तो श्वासमार्गाला झोंबतो आणि पेटतो. कार्बन डायऑक्साइड द्या, पण डबा आधी भरून ठेवू नका. रॅट आत ठेवल्यावर मिनिटाला डब्याच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के या वेगाने सोडा. फ्लोमीटर लागतोच, नुसती तोटी फिरवून अंदाज येत नाही. श्वास थांबल्यावरही वायू काही वेळ चालू ठेवा आणि हृदयाचे ठोके बंद झाल्याची हाताने खात्री करा.