ब्रा अजिबात सहन होत नाही, काहीतरी सुचवा (वायरलेस सोडून)

वैतागवाडी:
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. मला ब्रा हा प्रकारच नकोसा होतो. सकाळी घातली की तासाभरात काचायला लागते, दुपारनंतर कामात लक्ष लागत नाही, आणि घरी आल्यावर चपला काढायच्या आधी ती निघते. कॉटनच्या झाल्या, वायरवाल्या झाल्या, बिनवायरच्या झाल्या, महागातल्याही झाल्या. सगळ्यांचं तेच. घातल्याचं कळणारच नाही अशी एखादी ब्रा असते का? "वायरलेस घे" एवढंच सांगायचं असेल तर प्लीज नको, ते करून झालंय. न घालणं हा पर्याय सध्या नाही. जरा लवकर सांगा, सेल संपायच्या आत मागवायची आहे.

मोकळं_आभाळ:
वायरलेस घेऊन बघा. मी तर कधीपासून त्याच वापरते, मस्त असतात.

वैतागवाडी:
@मोकळं_आभाळ, धागा वाचलात का?

रानजाई:
माप काय तुझं? आणि काचते म्हणजे नक्की कुठे? खांद्यावर, बगलेत, पाठीत, की खाली बरगड्यांवर? आवळते, टोचते की खाजते? ही सगळी वेगवेगळी दुखणी आहेत. नुसतं "काचते" म्हटलंस तर इथे प्रत्येकजण आपापल्या आवडीची ब्रा सुचवून मोकळा होईल.

वैतागवाडी:
३६ बी. कॉलेजपासून तेच आहे. काचते म्हणजे सगळीकडेच काचते हो, काय सांगू. खांद्यावर वळ उठतात, पाठीत वर चढते, मी दिवसभर खाली ओढत बसते.

रानजाई:
कॉलेजपासून तेच? मग आधी टेप शोध, ब्रा नंतर शोधू. वजन, वय, बाळंतपण, गोळ्या, सगळ्यानं माप बदलतं. पाळीच्या आधीच्या दिवसांतसुद्धा फरक पडतो, त्यामुळे ते दिवस सोडून घे.
पॅड नसलेली पातळ ब्रा घालून किंवा काहीच न घालता उभी राहा. स्तनांच्या लगेच खाली, बरगड्यांवरून टेप फिरव. मागून वर चढलेली नको, सरळ आडवी हवी. श्वास सोडून घट्ट माप घे. मग सगळ्यात भरीव भागावरून घे, पण तिथे टेप आवळू नको. दोन्ही आकडे इंचात इथे टाक.

आत्याबाई:
एवढं कशाला? छातीखालचं माप घ्यायचं आणि त्यात चार मिळवायचे. आम्ही सगळ्या बहिणी असंच करत आलो.

रानजाई:
आत्याबाई, त्या चारानंच सगळा घोळ होतो. चार मिळवले की बँड ढिला आणि कप लहान येतो. वजन पेलायचं बहुतेक काम खालचा बँड करतो. तो ढिला पडला की सगळा भार खांद्यावर. मग आपण स्ट्रॅप आवळतो, त्यानं मागचा बँड आणखी वर जातो, आणि खांद्यावर वळ उठतात. तिनं लिहिलंय तंतोतंत तेच.

आत्याबाई:
आमचं काही अडलं नाही बुवा कधी.

सरळ_बोलते:
मुळात घालायचीच कशाला? न घातल्यानं काही बिघडत नाही. फ्रान्समधल्या एका डॉक्टरांनी २०१३ मध्ये सांगितलं होतं की ब्रानं उलट स्नायू आळशी होतात. सोडून द्या, मोकळ्या व्हा.

गुळवेल:
@सरळ_बोलते, ते निष्कर्ष प्राथमिक होते आणि ते सगळ्या वयाच्या बायकांना लागू करू नका, असं स्वतः त्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. दुसरं म्हणजे स्तनात स्नायू नसतात, ते मागे छातीच्या भिंतीवर असतात. स्तन ओघळतात ते वयानं, गरोदरपणांमुळे, वजन वरखाली झाल्यानं, धूम्रपानानं. ब्रा घातल्यानं ते कायमचे वर राहतात हेही खरं नाही. मग उरतो तो फक्त सोयीचा प्रश्न. ज्यांचा भार जास्त त्यांना आधार नसला की मान-पाठ दुखते, ज्यांचा कमी त्यांना काही वाटत नाही.
आणि तिनं "न घालणं हा पर्याय नाही" असं आधीच लिहिलंय.

सरळ_बोलते:
पर्याय नाही म्हणजे काय? कोण अडवतंय? हा प्रश्न विचारायला नको का?

वैतागवाडी:
विचारा, पण वेगळ्या धाग्यावर विचारा. मला सोमवारी ऑफिसला काय घालू ते हवंय.

पिंपळपान:
वायरमुळे कॅन्सर होतो असं मी वाचलंय, तेव्हा वायरवाली तर मुळीच घेऊ नका. लसिकावाहिन्या (शरीरातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) दाबल्या जातात म्हणे.

गुळवेल:
नाही होत. २०१४ मध्ये अमेरिकेत पाळी थांबलेल्या बायकांवर यासाठीच अभ्यास झाला होता. वायर, कपचं माप, दिवसातून किती तास ब्रा घालता, कशाचाही स्तनांच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही. वायर टोचत असेल तर ती चुकीच्या जागी बसतेय एवढाच त्याचा अर्थ. ती स्तनाखालच्या घडीत बसायला हवी. स्तनावर चढली किंवा बगलेत मऊ भागावर गेली तर कप लहान आहे.

शून्य_मिनिटे:
पुरुष आहे, आगाऊपणाबद्दल माफ करा. बायकोला सरप्राइज द्यायचं होतं, कुठली घेऊ?

रानजाई:
तिला विचारून घ्या. झालं उत्तर.

चटकचांदणी:
मी पळायला जाते तेव्हा स्पोर्ट्स ब्रा घालते, ती बेस्ट. पळताना स्तन फक्त वरखाली होत नाहीत, आजूबाजूला आणि पुढेमागेही हलतात, म्हणून दोन्ही कप वेगळे असलेली घ्यावी. नुसती दाबून धरणारी मोठ्या मापाला पुरत नाही. सगळ्यांनी तीच घालावी असं माझं मत.

वैतागवाडी:
मी पळत नाही. बसून काम करते.
मापं घेतली. खाली ३१, वर ३६.

रानजाई:
बघ आता. खाली ३१, म्हणजे बँड ३२चा. छत्तीस वजा बत्तीस, फरक चार. एक इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी. म्हणजे तू ३२ डी. (कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे होतं.)
गंमत अशी की ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी यांच्या कपात मावणारा आकार जवळपास सारखाच असतो. म्हणून तुला पुढून कधी काही चुकल्यासारखं वाटलं नसेल. कप ठीक आणि बँड भलताच सैल. सैल बँड दिवसभर हलतो, हलला की घासतो, तू खाली ओढतेस, तो पुन्हा वर चढतो.
आत्ता अंगात जी आहे तिचे दोन्ही स्ट्रॅप खांद्यावरून खाली उतरव. बँड जागेवर राहिला तर माझं म्हणणं खोटं. घसरला तर खरं.

वैतागवाडी:
घसरला. 😐 पण डी?? माझं काही एवढं नाहीये हो.

रानजाई:
डी म्हणजे "एवढं" नव्हे. ३२ डी आणि ४० डी यात केवढा फरक असतो. अक्षर एकट्यानं काहीच सांगत नाही.

निवांत:
थांबा जरा. तिला आवळलेलं सहन होत नाही आणि तुम्ही तिला ३६ वरून थेट ३२ वर नेताय? माझं माप मापाच्या लोकांकडून पक्कं करून घेतलेलं आहे, बँड-कप सगळं बरोबर, तरी मला ब्रा नको होते. काही जणींना अंगाला काही टेकलेलंच सोसत नाही. मला मानेजवळचं लेबल सहन होत नाही, मोज्याची शिवण बोटांवर आली तर मी बूट काढून नीट करते. हा मापाचा नाही, स्पर्शाचा प्रश्न आहे. सगळ्यांच्या हातात टेप देऊन तो सुटत नाही.

रानजाई:
पण आधी माप तर बरोबर असू दे. चुकीच्या मापात कापड कितीही मऊ घ्या, घासणारच.

निवांत:
ते मान्य. पण माप झालं की संपलं असं नाही, एवढंच म्हणतेय. @वैतागवाडी, माझ्या उपयोगी पडलेलं सांगते, बघ पटतंय का. लेबल कात्रीनं कापू नकोस, तो कापलेला कडक काठ जास्त टोचतो. शिवण उसवून काढ किंवा छापील लेबलवालीच घे. लेस आतून अंगाला लागणारी नको. ब्रा उलटी करून आतून हात फिरव, जिथे बोट अडखळेल तिथेच दुपारी खाजणार. खालचा बँड रुंद घे. अरुंद इलॅस्टिक एका रेषेत रुततं, रुंद बँडचा दाब पसरतो. मोडालचं (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेलं मऊ) कापड मला कॉटनपेक्षा बरं वाटतं, कॉटन घाम पिऊन ओलंच राहतं. आणि फारच वैताग आला तर आत पातळ होजिअरी स्लिप, वरून ब्रा. किंवा घरच्या घरी ब्रा उलटी घाल, शिवणी बाहेर.

आत्याबाई:
उलटी?! बाई गं.

निवांत:
कोण बघतंय आत्याबाई. 😄

गुळवेल:
मूळ प्रश्नात एक गोष्ट आलेली नाही. त्वचेवर काही दिसतं का? लाली, पुरळ, चट्टा, घडीत ओलसरपणा?

वैतागवाडी:
खाली लाल रेष उमटते, ती रात्रीपर्यंत जाते. पाठीत मधोमध एक काळपट चट्टा आहे आणि तो खाजतो, पण तो खूप जुना आहे. त्याचा काय संबंध?

गुळवेल:
मधोमध म्हणजे हुक येतात तिथेच ना? जीन्सच्या बटणाखाली पोटावर खाज येते का? खोटी कानातली चालतात का?

वैतागवाडी:
येते. खोटी कानातली घातली तर कान चिघळतात, म्हणून सोडूनच दिलीत.

गुळवेल:
मग निकेलची ॲलर्जी असण्याची दाट शक्यता आहे. हुक धातूचे असतात, वरचा लेप झिजला की घामात निकेल उतरतं आणि त्वचेला लागतं. हुकांमागे कापडी पट्टी असते, पण हुकांच्या कडा कधीकधी तिच्या बाहेर येतात. स्ट्रॅप लहानमोठे करायच्या रिंगाही बघ, त्या धातूच्या असतील तर तिथेही तेच. प्लास्टिकच्या हुक-रिंगवाली घे किंवा डोक्यावरून घालायची, हुक नसलेली. आहेत त्यांच्या हुकांमागे मऊ कापडाचा रुंद तुकडा शिवून टाक.
चट्टा जुना आहे तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. पॅच टेस्ट करतात, पाठीवर पट्ट्या लावून साधारण ४८ तास ठेवतात. निकेल की इलॅस्टिकमधलं एखादं रसायन की कापडाचा रंग, ते त्यातून कळतं. त्यावर आपल्या मनानं स्टेरॉइडची मलमं लावत बसू नकोस. आणि पुढे कधी घडीत ओली लाली किंवा वास आला तर ती बहुतेक बुरशी, तिचा उपचार वेगळा.

पिंपळपान:
हुकांना आतून रंगहीन नेलपॉलिश लावतात असं ऐकलंय.

गुळवेल:
लावतात. धुण्यात निघून जातं, पुन्हा लावावं लागतं. तात्पुरतं चालेल.

मोकळं_आभाळ:
सॉफ्टनर घालून धुता का? माझी एक मैत्रीण मशीनला टाकते आणि मग रडते.

रानजाई:
चला, या वेळी कामाचं बोललात. सॉफ्टनर आणि ड्रायरची गरम हवा, दोन्हींनी इलॅस्टिक लवकर मरतं. हातानं धुवा, पिळू नका. मशीनलाच टाकायची तर हुक लावून जाळीच्या पिशवीत. एकच ब्रा रोज घालू नका, इलॅस्टिकला आकसायला मध्ये एखादा दिवस लागतो.

वैतागवाडी:
अपडेट. दुकानात जाऊन घालून बघितल्या. ३२ डी घातल्याबरोबर श्वास कोंडल्यासारखं झालं, लगेच काढली. ३४ सी सगळ्यात सैल हुकावर घातली. बँड मागे वर चढत नाही, स्ट्रॅप सैल केले तरी जागेवर. खाली घट्ट लागतेय, पण रुतत नाही. हुकांचं मात्र अवघड आहे, प्लास्टिकवाली माझ्या मापात एकच मिळाली आणि तिचे कप पॅडचे, त्यात घाम येतो.

रानजाई:
३४ सी चालेल. सैल हुकावर घातलीस तेच बरोबर, कापड ताणलं गेलं की आतल्या हुकावर यायचं. बँडखाली दोन बोटं जायला हवीत, मूठ नको. घालताना पुढे वाक, बगलेकडचा भाग हातानं कपात आण, मग सरळ हो. मधला भाग छातीच्या हाडाला टेकतोय का?

वैतागवाडी:
टेकतोय. पण डावीकडे कप किंचित रिकामा राहतो, उजवीकडे भरतो. मग ३४ बी घेऊ का?

रानजाई:
नको गं, दोन्ही बाजू सारख्या नसतातच कुणाच्या. मोठ्या बाजूला बसेल ते माप घ्यायचं आणि लहान बाजूचा स्ट्रॅप थोडा आवळायचा. काढता येणारे पॅड असतील तर उजवीकडचा काढ, डावीकडचा राहू दे.

निवांत:
आणि पॅड नकोसा वाटत असेल तर दोन्ही काढ. धुण्यात चुरगळून गोळा होतो आणि मग तोच टोचतो.

सरळ_बोलते:
एवढं सगळं करण्यापेक्षा...

वैतागवाडी:
माहितीये ताई. 🙏 हुक नसलेली, डोक्यावरून घालायची ३४ सी कुणी वापरलीय का? घालता-काढताना बगलेत अडकते का, ते सांगा.

चटकचांदणी:
डोक्यावरून अडकते. खालून पाय घालून वर ओढ, कमरेवरून चढते. ओल्या अंगावर मात्र घालू नकोस, गुंडाळी होते आणि मग निघत नाही.