मदत हवी आहे : जुने फ्लोअर पॉलिशर चालते, पण लाकडी जमिनीवर ढगाळ वलये उमटतात

रंधाधारी :
जुन्या सामानातून दोन ब्रशांचे, धातूच्या अंगाचे एक फ्लोअर पॉलिशर माझ्याकडे आले आहे. पुसून घेतले, वायर बदलली आणि ते लगेच सुरूही झाले. काल खोलीभर मेण लावून ते फिरवले, तर जमिनीवर ढगासारखी वलये उमटली, चालले की पावलांचे ठसे दिसतात आणि दहाबारा मिनिटांत यंत्राला करपल्यासारखा वास येऊ लागला. ब्रश बदलावेत की मोटर गेली असे समजावे? तेल घालायचे असल्यास कोणते आणि कोठे? दोन दिवसांत फर्निचर परत मांडायचे आहे, म्हणून कृपया नेमके सांगावे.

तिसरीतार :
नेमके सांगण्यासाठी आधी नेमके कळायला हवे. ब्रश म्हणजे खालचे केसांचे की मोटरमधले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे? पाटीवर किती व्होल्ट लिहिले आहेत? नवी वायर दोन तारांची आहे की तीन? धातूच्या यंत्राच्या पाटीवर चौकोनात चौकोन ही दुहेरी आवरणाची खूण नसेल, तर त्याच्या अंगाला अर्थिंग जोडलेले असलेच पाहिजे. शिवाय हँडलच्या नळीतून स्विचपर्यंत जाणारी तार बदलली का? बाहेरची वायर सगळेच बदलतात, आतली तशीच राहते. उत्तर मिळेपर्यंत यंत्र प्लगला लावू नये.

मेणवेडी :
वलये यंत्राने उठवली असे गृहीत का धरता? जमिनीवर लेप कोणता आहे, मेण कोणते होते, किती जाड लावले आणि किती वेळाने यंत्र फिरवले, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

रंधाधारी :
माझा प्रश्न यंत्राबद्दल आहे, जमीन उत्तम स्थितीत आहे. मेण डब्यातले घट्ट पेस्टचे होते, भरपूर लावले आणि लगेच यंत्र फिरवले. ब्रश म्हणजे खालचे. व्होल्टेज बरोबर आहे, पाटीवर २२०–२४० लिहिले आहे.

वाळूपेपर :
एवढा खटाटोप कशाला? खालचे ब्रश काढून तेथे पॉलिश पेपर बसवावा, सगळा लेप घासून काढावा आणि कोऱ्या लाकडाला जवसाचे तेल पाजावे. मी स्वतःच्या घरी तेच केले आहे.

मेणवेडी :
हे त्यांनी विचारलेले नाही आणि सल्लाही घातक आहे. पॉलिशर हे घासकामाचे यंत्र नव्हे. लाकडाची बारीक धूळ मोटरमध्ये ओढली जाते आणि जमिनीवर गोल ओरखडे उमटतात, ते मेणाच्या वलयांहून शंभर पटींनी हट्टी असतात. जवसाच्या तेलाचा उल्लेख केलात, तर हेही लिहायला हवे होते की त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून त्या उघड्यावर पसरून वाळवाव्या लागतात.

वाळूपेपर :
माझ्या जमिनीवर ओरखडे दिसत नाहीत.

मेणवेडी :
खिडकीतून तिरपे ऊन येईल तेव्हा पाहावे.
रंधाधारी, पेस्ट मेण नखाएवढेही जाड लावायचे नसते. फडक्याने पुसट थर द्यावा, त्यातले टर्पेंटाइन उडून जाऊन तो निस्तेज दिसू लागेपर्यंत थांबावे आणि मगच ब्रश फिरवावा. ओल्या मेणावर यंत्र चालवले की ते चकाकत नाही, नुसते फिरून पसरते. आता लेप ओळखा. कोपऱ्यातले मेण पुसून तेथे स्पिरिटचे दोन थेंब टाका. पृष्ठभाग मऊ, चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश आहे. काहीच झाले नाही तर पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा कडक लेप, असण्याचा संभव अधिक, आणि पॉलियुरेथेनवर मेण लावूच नये, कारण ते आत मुरत नाही, घसरडे होते आणि पुढे नवा हात द्यायचा झाला तर तो धरत नाही.

तिसरीतार :
तेलाचे विचारलेत म्हणून सांगतो : कम्युटेटरवर, म्हणजे मोटरमधल्या ज्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर कार्बन घासतात त्यावर, तेलाचा थेंबही जाता कामा नये. करपल्यासारख्या वासाची बहुधा तीन कारणे असतात. गिअरपेटीतले ग्रीस वर्षानुवर्षांत खडूसारखे घट्ट होते, हवेच्या जाळीत लोकरीसारखी धूळ अडकते, किंवा ब्रशांत साचलेल्या जुन्या मेणामुळे मोटरवर भार येतो. जुने ग्रीस पूर्ण काढून नवे भरावे, जुन्यावर थापू नये. कार्बन काढून पाहावेत, आखूड झाले असल्यास बदलावेत, नसल्यास ज्याच्या त्याच्या जागी आणि त्याच बाजूने परत बसवावेत. कम्युटेटर काळा असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसावा. धातू घासायची एमरी नको, तिचे कण पट्ट्यांमधल्या फटींत अडकतात. चालताना लहान ठिणग्या दिसणे स्वाभाविक आहे, पण कम्युटेटरभोवती ठिणग्यांचे कडे फिरू लागले तर यंत्र बंद करावे. माझ्या तारेच्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही.

रंधाधारी :
आधी चिडून लिहिले, त्याबद्दल क्षमस्व. स्पिरिटने खोलीत काहीही झाले नाही. मात्र खोलीबाहेरच्या अरुंद वाटेवर, जेथे काही वर्षांपूर्वी नवा लेप दिलेला नव्हता, तेथे बोट चिकटले. खालच्या ब्रशांवर मिनरल टर्पेंटाइनचे फडके फिरवले तर ते तपकिरी चिखलाने भरले. म्हणजे मी कुणाच्या तरी जुन्या मेणाने माझी जमीन सारवत होतो. आता खोलीतले मेण कसे काढू? आणि तेथे या यंत्राचा उपयोग नाहीच का?

मेणवेडी :
मिनरल टर्पेंटाइन फडक्याला लावून थोडी थोडी जागा पुसावी आणि फडके सारखे बदलावे, नाहीतर तेच मेण पुढे सरकते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जमीन पूर्ण वाळून वास जाईपर्यंत पॉलिशर सुरू करू नये, कारण कार्बनच्या ठिणगीला ती वाफ पुरेशी असते. खालच्या ब्रशांची पाठ लाकडी असेल तर त्यांना पाण्यात भिजवू नये, टर्पेंटाइनने विंचरून केस खाली करून वाळवावेत. खोलीत कोरडी लोकरीची गादी लावून फिरवता येईल, पण पॉलियुरेथेनवर त्याने फारसा फरक पडत नाही, म्हणून चकाकीची आशा सोडलेली बरी. त्या वाटेवर मात्र पुसट मेण द्या आणि यंत्र स्वतःच्या वजनानेच चालू द्या, दाबू नका, एका जागी उभेही ठेवू नका.

तिसरीतार :
हँडल?

रंधाधारी :
आत्ता उघडले. नळीतली तार दोनच तारांची निघाली, अर्थिंग नाही आणि चौकोनाची खूणही नाही. रबराचे आवरण बोट लागताच गळून पडले आणि एके ठिकाणी उघडे तांबे नळीला टेकायच्या बेतात होते. यंत्र बाजूला ठेवले आहे. फर्निचर दोन दिवसांत मांडले जाणार नाही.