‘ब्रासरी’ला मराठीत काय म्हणावे?

मूळ प्रश्न : पॅरिसवरील एका लेखाच्या अनुवादात मी ‘ब्रासरी’साठी ‘उपाहारगृह’ लिहिले, ते खोडून संपादकांनी ‘मद्यालय’ केले. या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ बिअरचा कारखाना असा आहे, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु लेखातील देखण्या, आधुनिक ब्रासरीत माणसे बर्फावर मांडलेली कालवे आणि नव्या धाटणीचे फ्रेंच जेवण जेवायला जातात. आपण काय लिहाल?

प्रतिसाद १ : संपादकांची बाजू अगदीच लंगडी नाही. १८७१ मध्ये फ्रान्सचा अल्सास हा प्रांत जर्मनीकडे गेल्यावर तेथील अनेक कुटुंबे पॅरिसला आली आणि त्यांच्याबरोबर बिअरची व ‘शुक्रूत’ची, म्हणजे डुकराच्या मांसासोबत वाढल्या जाणाऱ्या आंबवलेल्या कोबीची, गोडी शहरात वाढली. पॅरिसमधील १८८० ची ‘लिप’ ही ब्रासरी याच परंपरेतली आहे.

प्रतिसाद २ : तेथील चकाकत्या कठड्यांमुळे हा शब्द ‘ब्रास’वरून, म्हणजे पितळेवरून, आला असावा असे मी मानत आलो आहे. ‘खानावळ’ हा आपला रुळलेला शब्द असताना संस्कृत जोडशब्द कशासाठी?

प्रतिसाद ३ : पितळेचा येथे संबंध नाही. ‘ब्रासे’ या क्रियापदाचा अर्थ बिअर तयार करणे असा आहे आणि ढवळणे असाही आहे. खानावळीबद्दल म्हणाल, तर माझ्या विद्यार्थीदशेतील खानावळीत रात्री नऊनंतर ताट मिळत नसे. पॅरिसमधील बहुतेक रेस्टॉरंटांचे स्वयंपाकघर दुपारच्या जेवणानंतर संध्याकाळपर्यंत बंद असते, आणि ब्रासरीची ओळखच ही, की तेथे दुपारपासून रात्री उशिरापर्यंत केव्हाही गरम जेवण मिळते. ‘खानावळ’ लिहिल्यास नेमके हेच हरवेल.

प्रतिसाद ४ : ‘उपाहारगृह’ही चालणार नाही, कारण उपाहार म्हणजे जेवणाहून हलके खाणे. त्यातही कित्येक पाट्यांवर ‘उपहारगृह’ असे लिहिलेले दिसते, आणि उपहार म्हणजे भेटवस्तू.

प्रतिसाद २ : इतक्या पाट्यांवर जे लिहिले जाते, ते चूक कसे म्हणता येईल? वापराने शब्द घडतात.

प्रतिसाद ४ : वापराने अर्थ बदलतो हे मला मान्य आहे; परंतु येथे एका कान्याच्या आळसामुळे ‘आहार’च नाहीसा होतो. मी शिक्षक असताना शाळेच्या भिंतीवरील ती पाटी दोनदा रंगवून घेतली होती.

मूळ प्रश्नकर्ती : मला उद्या सकाळी मजकूर द्यायचा आहे. तूर्त ‘ब्रासरी’ हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखापाशी दिवसभर गरम जेवण मिळण्याची गोष्ट लिहिते.

प्रतिसाद १ : मग ‘ब्रासरी’ लिहिणार की ‘ब्रासेरी’?