माउंटबॅटनना मारणारा सुटला कसा?

गच्चीवरचा:
काल जेवताना बाबांनी विषय काढला. २७ ऑगस्ट १९७९ ला माउंटबॅटन आयर्लंडमध्ये बोटीतल्या बॉम्बस्फोटात गेले तेव्हा आपल्याकडे सात दिवस सरकारी दुखवटा होता. गणपती नुकतेच बसलेले आणि रेडिओवर नुसती सारंगी, असं त्यांना आठवतं. मी शोधाशोध केली तर कळलं, बोटीत बॉम्ब ठेवणाऱ्या थॉमस मॅकमहोनला जन्मठेप झाली खरी, पण १९९८ मध्ये तो सुटून घरी गेला. तिकडच्या लोकांनी हे चालवून कसं घेतलं?

खडूस_काका:
फाळणी घाईघाईत उरकणाऱ्यासाठी सात दिवस दुखवटा, मला तर त्याचंच नवल वाटतं. बाकी आपल्याला आयर्लंडचं कौतुक जुनंच. टिळकांच्या लीगचं ‘होमरूल’ हे नावसुद्धा तिकडचंच.

मिरजकरीण:
काका, त्या बोटीत एकटे माउंटबॅटन नव्हते हो. त्यांचा चौदा वर्षांचा नातू निकोलस गेला. बोटीवर सुट्टीतलं काम करणारा पॉल मॅक्सवेल, वय १५, तोही गेला, आणि तो तर उत्तर आयर्लंडमधल्याच एनिस्किलनचा पोरगा. लेकीच्या सासूबाई ८३ वर्षांच्या, त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. त्याच दुपारी उत्तर आयर्लंडमधल्याच वॉरनपॉइंटला दोन स्फोटांत अठरा ब्रिटिश सैनिक मेले. ‘इंग्रजांना धडा शिकवला’ म्हणणाऱ्यांना पॉल कुणाच्याच लक्षात नसतो.

मी उत्तर आयर्लंडच्या राजधानीत, बेलफास्टमध्ये, आठ वर्षं नर्स आहे, म्हणून जरा लांबण लावते. १९२२ मध्ये दक्षिण स्वतंत्र झाली, पण उत्तरेतले सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले. ते आयर्लंडला जोडायचे म्हणून आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी) या सशस्त्र संघटनेची बंदूक, मॅकमहोन त्यातलाच. साधारणपणे कॅथलिकांना आयर्लंडशी एकत्र यायचं, प्रोटेस्टंटांना ब्रिटनमध्ये राहायचं. १९६९ पासून तीस वर्षांत सगळ्या बाजूंचे मिळून साडेतीन हजारांवर माणसं गेली.

मॅकमहोनची गंमत अशी की स्फोट झाला तेव्हा तो आधीच पोलिसांच्या ताब्यात होता. दोन तास आधी लाँगफर्डजवळ नाकाबंदीत गाडी अडवली होती. कपड्यांवर बोटीच्या हिरव्या रंगाचे कण सापडले, त्यावर अडकला.

आता सुटकेचं. १० एप्रिल १९९८ च्या शांतता करारात (गुड फ्रायडे करार) अटच होती, शस्त्रसंधी पाळणाऱ्या संघटनांचे कैदी दोन वर्षांत सोडायचे. चारशेच्या वर सुटले, दोन्हीकडचे. आणि हे कलम काही लपवलेलं नव्हतं, ते माहीत असूनच मे महिन्यातल्या सार्वमतात उत्तरेत ७१ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. पचलं असेल असं नाही. माझ्या शेजारच्या आजींनी मत दिलं, पण त्यांच्या भावाला मारणारा दुकानात दिसला की त्या अजून दूध न घेताच घरी येतात.

खडूस_काका:
पॉलचं मला ठाऊक नव्हतं. पण मग लढून मिळवलं काय? सहा जिल्हे अजून ब्रिटनकडेच ना?

मिरजकरीण:
हो, तिथेच आहेत. २०१२ मध्ये राणी एलिझाबेथ इथे आली आणि तिने मार्टिन मॅकगिनेसशी हात मिळवला. हा एकेकाळचा आयआरएचा म्होरक्या, तेव्हा उत्तर आयर्लंडचा उपमुख्यमंत्री. माउंटबॅटन म्हणजे राणीचे मामेसासरे, हे ध्यानात घ्या. २०२४ पासून इथलं मुख्यमंत्रिपद शिन फेनकडे, म्हणजे आयआरएशी जोडल्या गेलेल्या त्याच्याच पक्षाकडे आहे, तेही मतपेटीतून. तीस वर्षं बॉम्ब फोडून जे जमलं नाही ते पत्रकं वाटून जमलं, असं माझं मत. इथे चहाच्या सुट्टीत मात्र मी ते बोलत नाही.

गच्चीवरचा:
म्हणजे तुम्हालाही भीती वाटते?

मिरजकरीण:
भीती नाही, सावधपणा म्हणा. पहिल्याच आठवड्यात फोनवर आडनाव सांगत होते, डी, ई, एस, एच... पलंगावरचे आजोबा खुदकन हसले. कॅथलिक ते अक्षर ‘हेच’ म्हणतात, प्रोटेस्टंट ‘एच’. मिरजेच्या शाळेत बाईंनी ‘एच’ शिकवलं, म्हणून मी त्यांच्या लेखी प्रोटेस्टंट! आपला ‘हेच’ त्यांना समजावायला गेले तर गोंधळ आणखी वाढला.

आणि हो, बेलफास्टमध्ये कॅथलिकांची फॉल्स आणि प्रोटेस्टंटांची शँकिल या दोन वस्त्यांमध्ये भिंत आहे, लॅनार्क वे या रस्त्यावर तिचं फाटक. रात्री ते बंद करतात. आज माझी उशिराची ड्यूटी आहे, त्यामुळे वळसा घालून जायचंय. निघते.