अ‍ॅडमिन मीच, तरी परवानगी कशाला?

हिशेबनीस
आमच्या ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर माझं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं आहे. तरी बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की रोज सकाळी स्क्रीन काळवंडते आणि विंडोज विचारतं, या अ‍ॅपला बदल करू द्यायचे का? मुलं न वाचता ‘हो’ दाबून मोकळी होतात. उत्तर ठरलेलंच असेल तर त्या प्रश्नातून सुरक्षा कसली मिळणार? सेटिंगमधला या सूचनांचा स्लायडर तळाला ओढला की हे बंद होतं, पण आमचा हार्डवेअरवाला ते करू देत नाही. मालकाने जोखीम घ्यायची ठरवली तर त्याला घेऊ द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

रात्रपाळी
हार्डवेअरवाल्याचं बरोबर आहे. तुम्ही लॉगिन केलंत की विंडोज तुमच्या नावाने दोन टोकन, म्हणजे अधिकारांचे परवाने, बनवतं, एक पूर्ण अधिकारांचं आणि एक छाटलेलं. डेस्कटॉप, ब्राउझर, मेल सगळं छाटलेल्यावर चालतं. एखाद्या प्रोग्रामला पूर्ण टोकन हवं असलं की ती खिडकी येते. म्हणजे शंका तुमच्यावर नसते, त्या प्रोग्रामवर असते. मेलमधून ‘बिल’ म्हणून आलेली एक्सई फाइलही तुमच्याच नावावर चालते ना?

विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी सगळेच अ‍ॅडमिन होते. जे चालू होईल ते थेट सिस्टम फोल्डरात लिहायचं, ड्रायव्हर बसवायचं. २००७ साली पुढची आवृत्ती व्हिस्टा घरोघरी आलं तेव्हा हे बदललं. स्क्रीन काळवंडते तीही मुद्दाम. त्या वेळी वेगळा डेस्कटॉप पुढे येतो, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला तुमच्या वतीने ‘हो’ दाबता येत नाही.

पेनड्राइव्ह
अर्धंच सांगितलंत. रॅन्समवेअरला, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला, तुमच्या फायली कुलूपबंद करायला अ‍ॅडमिन लागतच नाही. डॉक्युमेंट्समध्ये लिहायचा हक्क छाटलेल्या टोकनलाही असतो. ऑफिसात जपायचं काय असतं? बॅलन्स शीट, विंडोजचं फोल्डर नव्हे. शिवाय विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या काही प्रोग्राम्सना न विचारता अधिकार मिळतात, आणि त्याच वाटेने आत शिरायच्या युक्त्या निघाल्या. अ‍ॅडमिन खात्यातली ही खिडकी म्हणजे पक्की सीमा नाही, हे मायक्रोसॉफ्टनेही सांगितलं आहे. रोजच्या कामाला साधं खातं आणि अ‍ॅडमिनचं वेगळं, त्याला पासवर्ड. खरा उपाय तोच.

हिशेबनीस
म्हणजे माझंच खरं! भिंत नाहीच, तर रोज दार कशाला वाजवायचं?

रात्रपाळी
वेगळ्या खात्याला माझा पूर्ण पाठिंबा. पण पक्की सीमा नाही म्हणून निरुपयोगी, हे मला मान्य नाही. पूर्ण अधिकार मिळाले की तेच रॅन्समवेअर अँटीव्हायरस बंद पाडतं आणि फायलींच्या शॅडो कॉपी, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती, पुसतं. मग परत मिळवायचं कशातून?

आता तुमची सकाळची खिडकी. जुनी बिलिंग सॉफ्टवेअरं डेटा फाइल प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरातच ठेवतात आणि तिथे लिहायला अ‍ॅडमिन लागतो. मग बसवणारा माणूस ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’वर टिक करून निघून जातो. दोष सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा, त्रास तुम्हाला. अशा कंपन्यांनी सुधारावं म्हणूनच ही खिडकी त्रासदायक ठेवली, असं मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस २००८ मध्ये उघडपणे म्हणाले होते. डेटाचं फोल्डर बाहेर हलवता येतं का ते विक्रेत्याला विचारा. नाहीच जमलं तर तेवढ्या एका फोल्डरला लिहायची परवानगी द्या, मग ती टिक काढा.

पेनड्राइव्ह
कंपनीला धडा शिकवायला कारकुनाला त्रास? हे मला कधीच पटलं नाही. त्याला ‘हो’ दाबायची सवय लागली, ती आता जाणार नाही.

हिशेबनीस
टिक काढून बघतो. मुद्दा मात्र सोडत नाही. खिडकीत प्रोग्रामचं नाव येतं, प्रकाशक येतो, पण तो नेमकं काय बदलणार हे कुठे लिहिलेलं असतं?

रात्रपाळी
ते विंडोजलाही आधी कळत नाही. अधिकार हातात आले की प्रोग्राम काहीही करू शकतो. म्हणून मुलांना एवढंच शिकवा: खिडकीची वरची पट्टी पिवळी आणि प्रकाशक अज्ञात असेल तर ‘नाही’ दाबायचं आणि तुम्हाला हाक मारायची. आपण काहीच उघडलेलं नसताना खिडकी आली, तरीही ‘नाही’च, मग पट्टी निळी का असेना.